एक चहा थांब

माझ्या हातून आज जे काही नीट होतं, ते तात्यांमुळे. रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्यभर हातोडा चालवलेला हा भुसावळचा फिटर निवृत्तीनंतर शहराच्या टोकाच्या झोटवाडा वस्तीतून बसने आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर यायचा आणि सिलिकॉनचा केसाहून पातळ स्फटिक वाकवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळेच मिटून घेतले.

"उघड डोळे, भैया. नाही तुटला."

माझ्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रश्न विचारायची लाज वाटायची. ते तात्यांनी ओळखलं. "मतलब असं बघ, आत अणूंच्या रांगा आहेत, रुळांसारख्या. रूळ वळला की गाडी वळते, तसा आतून जाणारा इलेक्ट्रॉन वळतो. वळणावर चाकं कशी ओरडतात? हा वळताना किरणं सोडतो." मी थक्क झालो. पुढे पुस्तकात तेच वाचलं, पानभर समीकरणांत.

स्फटिक चिमट्यात बसवून तात्या स्क्रू पाव फेरा फिरवत आणि चहाला जात. हाताच्या उबेने धातू फुगतो. तो निवेपर्यंत पुढचा पाव फेरा नाही. "एक चहा थांब," म्हणत. मला वाटे, चहाचं निमित्त.

मे महिना होता. परदेशातल्या चाचणीसाठी एकच स्फटिक तयार होता. तात्या जेवायला गेलेले, कुरिअर दारात यायची वेळ. मी थांबलो नाही, पुढचा पाव फेरा लगेच फिरवला. टिक् असा बारीक आवाज झाला आणि दोन तुकडे हातात आले.

विभागप्रमुख धावत आले. मागोमाग तात्या, डबा हातात घेऊन. तात्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"माझ्या हातून गेला, साहेब."

मी तुकडे टेबलावर ठेवले. नंतर तात्या मला म्हणाले, "तुझी फेलोशिप गेली असती. माझं काय जाणार?"

पुढच्याच महिन्यात त्यांचं कंत्राट थांबवलं. ते भुसावळला परतले. तो धक्का अजून ओसरलेला नाही: त्यांच्या खोटं बोलण्याचा नव्हे, माझ्या गप्प राहण्याचा.

काल मी त्यांना पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप तात्यांना साष्टांग नमस्कार. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. त्याआधी विभागप्रमुखांना लेखी कळवलं, की स्फटिक मी तोडला. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही म्हणाला असता, एक चहा थांब. तात्या, मी दोन वर्षं थांबलो."