काकूंसाठी हलकी दुर्बीण

दुर्बिणी बनवणाऱ्यांच्या घोळक्यात राहिलं की दुर्बीण होवो न होवो, किस्से मात्र आपोआप साठतात. आमचा घोळका म्हणजे तिघंच: विश्रांतवाडीचे कांबळे सर, हिंजवडीतला सॉफ्टवेअरवाला अमेय आणि बँकेतला मी. तीन वर्षांत दुर्बीण एक झाली.

सरांनी दहा इंची आरसा हाताने घासला, तो काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शनीची कडी दाखवायला. काकूंचे गुडघे गेलेले, तळमजल्यावरून गच्चीवर चढणं बंद. म्हणून ठरलं, बनवायची गच्चीवर, पण इतकी हलकी की खाली अंगणात आणता येईल. जाड नळीऐवजी त्रिकोणात जोडलेले आठ ॲल्युमिनियमचे पाइप.

"तोवर शनीला कडी राहतील ना?" काकूंनी विचारलं.

* * *

पाइप घ्यायला मी पेठेतल्या दुकानात गेलो. "हलके हवेत, आणि भक्कमही."

दुकानदाराने पेपरातून मान वर केली नाही. "दोन्हीपैकी एक ठरवा आणि या. आम्ही इथेच असतो."

* * *

अमेयने कंपनीच्या बसमध्ये बसून सिम्युलेशन केलं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमुळे ते फार सखोल झालं. निष्कर्ष: सांगाडा केसभरही वाकत नाही. सरांनी वरच्या रिंगला नुसतं बोट लावलं, तर नेम धरलेला समोरच्या टाकीवरचा कावळा दुर्बिणीतून दिसेनासा झाला.

"लॅपटॉपवर हलत नाही, सर."

"छान. मग शनी लॅपटॉपवरच बघू."

* * *

मग प्रत्येकाने आपापली अक्कल जोडली. अमेयने लोखंडी पट्ट्या आणल्या, सरांनी जाड प्लायवुड. वरचा भाग जड झाला म्हणून खाली जिमच्या प्लेटा बांधल्या. पाइप सुटे करायची सोय होती, पण सांधे हलायला नकोत म्हणून मी ते रेझिनने कायमचे चिकटवले. दुर्बीण ठाम उभी राहिली. माझं कौतुकही झालं.

* * *

सोमवारी काकू सहा महिन्यांसाठी मुलीकडे बंगळुरूला निघणार होत्या. शनिवारी संध्याकाळी आम्ही दुर्बीण उचलली आणि ती जिन्याच्या दारातच अडकली. पाइप सुटेनात. सरांनी माझा एक सांधा बोटाने ठोकून पाहिला.

दुर्बीण परत गच्चीत ओढली. शेवटी अमेयने प्लास्टिकची खुर्ची आणली. शेजारच्या एकाला हाताशी घेऊन आम्ही काकूंना खुर्चीसकट तीन मजले वर नेलं.

काकूंनी डोळा लावला. सर शेजारी हात बांधून उभे.

"आहेत हो कडी," त्या हळूच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मग परत खुर्चीत बसल्या, तिचा हात चाचपला आणि सरांकडे वळल्या. "अहो, तीन मजले आले, पण ही जरा म्हणून हलली नाही. हिचं डिझाईन कुणी केलं?"