इतकी वर्षं गप्प का?

जेवणाच्या सुट्टीत आमच्या कोर्टातल्या बायका एकाच टेबलाभोवती बसतात. त्या दिवशी विषय एकच होता. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी ज्या वकीलसाहेबांचं नाव सुचवलं होतं, त्यांच्यावर त्यांच्याच एका जुन्या महिला ज्युनिअरने बऱ्याच वर्षांपूर्वीच्या गैरवर्तनाचा आरोप केला होता. टीव्हीवर आठवडाभर तेच चाललं होतं.

"खरं असेलही," शैलाताई म्हणाल्या, "पण मग इतकी वर्षं ही गप्प का होती?"

दोघीतिघींनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

कुंदाताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या स्टेनो. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

"मी तर अजून गप्प आहे," त्या हळूच म्हणाल्या.

कोणाबद्दल, कधी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. शैलाताईंनी चटणीची डबी त्यांच्यापुढे सरकवली. कुंदाताईंनी डबा बंद केला आणि जज्जसाहेबांनी बोलावलंय म्हणून उठून गेल्या.

पुराव्यावाचून कुणाला दोषी धरू नये, हे कोर्टात नोकरी करून मला कळतं. पण बोलणाऱ्या बाईचा निकाल आम्ही बायकाच जेवता जेवता लावून टाकतो, आणि न बोललेली समोर बसून तो ऐकत असते.

महिन्याभराने वकीलसाहेबांचा शपथविधी झाला. आमच्या ऑफिसात पेढे वाटले. कुंदाताईंनी एक उचलला, कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा टायपिंगला बसल्या. मी माझा तिथेच उभ्याने खाल्ला.