जोगव्याची पाच घरं

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे जोगव्याचे वार. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी आपल्या गळ्यातली कवड्यांची माळ काढून माझ्या गळ्यात घातली, तेव्हापासूनचा नेम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं आराध्यांचं घर, तुळजापूरच्या आईची चाकरी करणारं. त्या दिवशी सकाळपासून तोंडात काही घालायचं नाही. माळ घालायची, हातात परडी घ्यायची, म्हणजे वेताची उथळ टोपली, आणि पाच घरांपुढं आईचं गाणं म्हणून जोगवा मागायचा. कुणी पीठ घालतं, कुणी मीठमिरची. जे पडेल ते गोड मानायचं. घालणाऱ्याच्या कपाळाला हळदीचं बोट लावायचं. पाच घरं झाली की त्याचंच रांधून खायचं. पाच झाली न्हाईत तर पाणी पिऊन निजायचं. आपल्या घरचं मात्र त्यात धरत नाहीत.

आमच्या गावात, तेर गावाच्या पलीकडं, पाच घरांना कितीसा वेळ लागतो? गल्लीच्या तोंडालाच पाच होतात आणि सहावी रुसते, "आमचं दार दिसत न्हाई व्हय तुम्हाला?"

असा नेम घेऊन मी जर्मनीला गेले.

माझी एकुलती लेक तिकडं कंपनीत कामाला आहे. तिचे वडील गेले त्या वर्षी म्हणाली, "आई, उन्हाळ्याचे तीन महिने माझ्याकडं ये. एकटी बसून काय करतीस?" गेले. तर तिथं जास्तच एकटी झाले. जावई पंधरा-पंधरा दिवस दुसऱ्या गावी. लेक सकाळी आठला जायची ती सहाला यायची. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या, त्यात कधी माणूस म्हणून दिसला न्हाई.

पहिल्या मंगळवारी मी माळ घातली आणि त्याच इमारतीतल्या दारांच्या बेल वाजवत सुटले. एका दारानं फट केली आणि मिटून घेतली. एक बाई पुष्कळ बोलली, त्यातलं मला काही कळलं न्हाई. बाकीची उघडलीच न्हाईत.

संध्याकाळी लेक आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"आई, तू सगळ्यांच्या बेल वाजवल्यास?"

"सगळ्यांच्या कशाला? पाच व्हायच्या होत्या."

"लोकांनी मला फोन केले गं!"

"फोन करण्यापरीस चिमूटभर पीठ घालायचं की."

"मी ऑफिसातल्या पाच जणींकडून डब्यात आणते. मग तर झालं?"

"जोगवा पार्सल येत नसतो, माय."

ती हसली. मग डोक्याला हात लावून बसली. त्या रात्री मी पाण्यावरच निजले आणि ती एकटीच जेवली.

मग तिनंच शनिवारी मला गावातल्या चौकात नेलं. तिथं लोक उभं राहून गात होते, वाजवत होते, पुढ्यात टोपी ठेवली होती. जाणारे-येणारे पैसे टाकत होते. म्हणाली, "हे चालतं इथं. परवानगी आहे. फक्त अर्ध्या तासानं जागा बदलायची." म्हटलं, बरं झालं. पैसे पडले तर पडले, त्याचं पीठ आणता येतं.

मंगळवारी मी तुणतुणं घेऊन गेले. पण मी केलं काय, तर गाणं म्हणत थेट हॉटेलाबाहेर बसलेल्या लोकांच्या टेबलांपुढं परडी धरली. जोगवा म्हटलं की पायानं चालत जाऊन मागायचा, मला एवढंच ठाऊक. दोन पोलीस आले. एक बाई होती, तिनं मला हळूच दंडाला धरून बाजूला घेतलं. तिथं पेटीसारखं छातीला बांधायचं वाद्य वाजवणारा एक म्हातारा होता. त्यानं मध्ये पडून तिला काहीबाही सांगितलं. ती गेल्यावर खिशातून खडू काढला आणि माझ्याभोवती जमिनीवर एक गोल काढला. परडी गोलाच्या काठावर ठेवली. बोटानं खुणावलं, यातून बाहेर पडायचं न्हाई.

गाणाऱ्याला परवानगी, मागणाऱ्याला न्हाई, असा तिथला कायदा. मला तो लई दिवस उमगला न्हाई. न मागता मिळालेला जोगवा कसला?

पण उपाशी किती मंगळवार राहणार? राहिले उभी. दर मंगळवारी, शुक्रवारी. म्हातारा त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या. तोही तिथला नव्हता म्हणे, दुसऱ्याच कुठल्या देशातून आलेला. माझं गाणं झालं की तो वाजवायचा, त्याचं झालं की मी. पैसे टाकणारा एक माणूस म्हणजे एक घर, असं मी धरायचे; माझी पाच झाली की तो पंजा वर करायचा. एवढं त्यानं बरोबर हेरलं होतं.

खरं सांगू? मला पैशाचं काही वाटलं न्हाई. अवघड गेलं ते दुसरंच. आमच्याकडं जोगव्याला कधी एकटी बाई जात नाही. एकीनं गाणं उचललं की दुसऱ्या दोघी धरतात. शेवटी "आई राजा उदो उदो" म्हटलं की दारातली म्हातारी, ओट्यावरचा गडी, सगळे "उदो" म्हणतात. तिथं मी "उदो" म्हणायचे. सवयीनं थांबायचे, कुणी म्हणेल म्हणून. मग तुणतुण्याची तार छेडायची. लोक लांबूनच पैसे टाकून पुढं जायचे. मी चिमटीत हळद धरून उभी, आणि कपाळ तर निघून गेलेलं. गोलाबाहेर जाऊन लावावं तर पुन्हा पोलीस. ती हळद मी खडूच्या रेघेवर सोडून द्यायचे.

परत निघायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. सुट्ट्यांमुळं गाव ओस पडलं होतं. दुपारपासून म्हातारा आणि मी दर अर्ध्या तासानं जागा बदलत होतो, पण सहा वाजेपर्यंत चारच घरं झाली. तेवढ्यात समोरून पाच-सहा जणांचं टोळकं आलं. मध्ये माझी लेक. ऑफिसातली माणसं असावीत. ती काही सांगत होती आणि सगळे हसत होते. ती अशी मोकळी हसताना मी तीन महिन्यांत पाहिली नव्हती.

तिनं मला पाहिलं. पाऊल जरा अडखळलं. बरोबरच्या एकीनं माझ्याकडं बोट करून तिला काही विचारलं. लेकीनं खांदे उडवले.

मी गाणं सोडलं न्हाई. हाकही मारली न्हाई. ती पुढं आली, पर्स उघडली, वाकून परडीत एक नाणं ठेवलं. टाकलं न्हाई, ठेवलं. वर पाहिलं न्हाई. माझी चिमूट वर उचलेपर्यंत ती त्यांच्यात मिसळून गेली होती.

मला राग आला का? आला.

म्हाताऱ्यानं खुशीत पंजा दाखवला. मी मान हलवून चार बोटं दाखवली. तो उठून आला, परडीतली नाणी एकेक मोजली आणि पुन्हा पंजा. मी पुन्हा चार. तो खो खो हसला, त्याला वाटलं म्हातारीला मोजता येत न्हाई. आठ वाजेपर्यंत उभी राहिले. दुकानांची दारं ओढली गेली. पाचवं कुणी आलं न्हाई.

घरी आले तर लेक ओट्यापाशी. पिठलं रटरटत होतं. बाजूला रिकामा तवा आणि परात काढून ठेवली होती, माझ्या जोगव्याच्या पिठाच्या भाकरीसाठी. पाठमोरीच म्हणाली,

"पाच झाली ना आज?"

"चार."

पळी थांबली.

"चार कशी? मी तर..."

"ते धरलं न्हाई."

ती वळली. डोळे आधीच लाल होते. "का? ओळख दाखवली न्हाई म्हणून? आई, ती सगळी माझ्या हाताखालची माणसं होती, मला एकदम सुचलंच न्हाई काही..."

"त्यासाठी न्हाई."

"मग कशासाठी? माझं घर वेगळं न्हाई का? आडनाव वेगळं, देश वेगळा. धर की पाचवं! दिवसभर उपाशी आहेस तू."

"घरचं धरत नाहीत, बाई," मी म्हटलं.

तिनं गॅस बंद केला. मी तांब्याभर पाणी प्यायले आणि माझ्या खोलीत जाऊन आडवी झाले. तिथं उन्हाळ्यात नऊ वाजले तरी ऊन असतं, पडदा लावला तरी भिंतीवर येतं. मग परात पुन्हा कपाटात ठेवल्याचा आवाज आला, आणि पिठल्यावर झाकण ठेवल्याचा. ती जेवली न्हाई.