एकरी दोन पायली

सर गेल्याचा फोन आला तेव्हा पुण्यातल्या माझ्या ऑफिसात मी एका बड्या अशिलाला समजावत होतो, की वर्षातले किती दिवस दुबईत काढले म्हणजे इथला कर टळतो. फोन ठेवला आणि राहिलेलं समजावून संपवलं. हे लिहितानाही लाज वाटते.

चकलांब्याच्या शाळेत सरांनी मला भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्यांची कामं दोनच, पेपर वाचणं आणि गावच्या सप्त्याचं धान्य मापणं. सप्त्याच्या पंगतीसाठी गावात राहणाऱ्या प्रत्येक घरानं एकरी दोन पायली ज्वारी द्यायची, ही आमची रीत. मापाची पितळी पायली सरांकडंच असायची. मी सुट्टीला आलो की ते पेपर पुढं करायचे. "दिन्या, जगातल्या लई श्रीमंतांवर सगळ्या देशांनी मिळून कर लावायचं चाललंय म्हणे. एकट्यानं लावला की ते दुसरीकडं पळतेत."

मी हसायचो. "सर, ते व्हायचं न्हाई."

"कावून? आपल्या सप्त्यातून पळालंय का कुणी?"

पळालो तो मीच. वडील वारले, चाळीस एकर माझ्या नावावर आली. जमीन बटईनं दिली, घराला कुलूप लावलं. त्या वर्षी बटईचा हिस्सा घ्यायला गावी आलो होतो. सर सप्त्याची वही घेऊन आले तेव्हा मी धंद्यातली अक्कल पाजळली. "मी आता पुण्याचा रहिवासी. गावात राहणाऱ्यानंच द्यायचं, ही तुमचीच रीत हाय." ज्वारीचं काय हो, घरात पोत्यांची थप्पी होती. जिंकायची खोड, दुसरं काय... सर रागावले नाहीत. पट्टी धरून त्यांनी वहीतलं आमचं नाव खोडलं. "बरोबर हाय तुझं," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी गावातल्या आणखी दोन बागायतदारांनी तालुक्याच्या गेवराईचा पत्ता सांगितला. तेव्हापासून सरांनी माझ्यापुढं पेपर कधी धरला नाही.

गेल्या महिन्यात सप्ता होता. टेम्पोत पोती घालून गेलो. देवळाच्या ओट्यावर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पायली घेऊन बसल्या होत्या. मापायचं काम आता त्यांच्याकडं आलंय.

"काकू, आमचं आजवरचं सगळं आणलंय."

"आरं, पाव्हण्याकडनं कुठं घेतेत," त्या सहज म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ह्यांनी वहीत लिहून ठिवलंय. दिनकर पाव्हणा हाय, त्याला आग्रहानं जेवू घाला. चल, हात धू."

पोती टेम्पोतच राहिली. मी पंगतीला बसलो. ओट्यावर सरांची पायली दिसत होती, आणि दोन एकरवाल्यांच्या ज्वारीची भाकरी वाढपी मला आग्रह करकरून वाढत होते.