ताईंच्या गालावरचा खड्डा

"जरा हसून दाखवा," असं म्हणत ताई पेशंटच्या हातात आरसा द्यायच्या. खुर्चीतली बाई सुईच्या धास्तीनं आधीच आखडलेली असायची, तिला कुठलं हसू यायला? पण ताई समोर उभ्या राहून स्वतःच अशा तोंडभर हसायच्या की तिलाही हसावंच लागे. ती हसली की घडी कुठे पडते, कुठली बाजू बसली आहे, हे दिसायचं आणि डॉक्टर पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा करायचे.

जालन्यातल्या त्या त्वचेच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते आणि ताई नर्स. फिलर, म्हणजे बसलेली जागा वर उचलायला सुईनं कातडीखाली भरतात ते जेल, कुठे भरतात हे मला डॉक्टरांनी नाही, ताईंनी शिकवलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या चेहऱ्यावर बोट फिरवत. बसलेले गाल, डोळ्यांखालची पोकळी, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषा, ओठ, हनुवटी, हातांची पाठ, जुने खोल व्रण. कपाळाच्या आठ्यांचं इंजेक्शन वेगळं, त्यात गल्लत करायची नाही. एवढं बजावून त्या भाकरीचा पुढचा तुकडा मोडायच्या.

तुम्ही-आम्ही माणसाचे कपडे बघतो, फार तर चप्पल बघतो. ताई गाल बघायच्या. एकदा एका लग्नाला आम्ही एसटीनं अंबडला गेलो, तर त्यांनी अख्खी गाडी तपासून काढली. कंडक्टरला डोळ्यांखाली अर्धी-अर्धी सिरिंज, मागच्या गुरुजींना हनुवटीला एक. पुढच्या सीटवरच्या आजींकडे मात्र बराच वेळ बघून म्हणाल्या, "यांना बिलकुल हात लावायचा न्हाई. लई छान सुरकुतल्यात."

एमआयडीसीतले एक कारखानदार डोळ्यांखाली फिलर भरून गेले आणि घरी सांगितलं की हल्ली लवकर झोपतो. हे गुपित ताईंनी माझ्याशिवाय कोणालाही सांगितलं नाही. एक नवरी मुलगी लग्नाला चार दिवस उरले असताना ओठ भरायला आली. डॉक्टर यायच्या आधीच ताईंनी तिला परत पाठवलं. "सूज उतरली न्हाई तर फोटोत आधी तुझे ओठ येतील, मंग तू." डॉक्टर दोन दिवस धुसफुसत होते.

या सगळ्यात एक अडचण होती. ताईंच्याच डाव्या गालावर खड्डा होता. लहानपणी गळू झालं होतं, ते फुटून अंगठ्याचं टोक बसेल एवढी जागा आत गेलेली. पेशंट विचारायचेच, की सिस्टर, तुमचा कसा काय नाही भरला? "मुहूर्त निघंना," असं म्हणून ताई कापूस पुढे करायच्या. डॉक्टर मनानं चांगले. फुकट भरून देतो म्हणून त्यांनी कितीदा तरी सांगून पाहिलं होतं.

एका दुपारी एक अपॉइंटमेंट रद्द झाली. खुर्ची रिकामी होती, डॉक्टरांना वेळ होता, आणि कशा कोण जाणे, ताई जाऊन बसल्या. काम दहा-पंधरा मिनिटांचं. मी आरसा धरला. ताईंनी मान वळवून डावा गाल पाहिला. मग आरशातल्या बाईला हळूच म्हणाल्या, "जरा हसून दाखवा," आणि हसल्या. पुढचे चार दिवस त्या डब्याच्या झाकणातसुद्धा डोकावत होत्या. माझ्याबरोबर फोटो काढून घेतले, प्रत्येक वेळी डावा गाल पुढे. मला इतकं बरं वाटत होतं.

रविवारी त्या नेहमीप्रमाणे परतूरला गेल्या. तिथे त्यांच्या भावाकडे त्यांची म्हातारी आई होती. काचबिंदूनं तिची नजर गेली होती आणि कानही जवळजवळ गेले होते.

सोमवारी मी कुलूप काढायच्या आधीच ताई दारात उभ्या होत्या, तोंडाला स्कार्फ बांधून. मला वाटलं, गाल सुजला. तसं काही नव्हतं. आत जाऊन त्या डॉक्टरांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या, आणि ते आले तेव्हा बसल्याही नाहीत.

"आई आंगठ्यानं वळखते मला," त्या म्हणाल्या. "खड्डा सापडला की नाव घेते. काल लई येळ हुडकत राह्यली. मी केस विंचरले, जेवू घातलं. मंग भावाला म्हणली, ही नर्स चांगली हाय, पण माझी लेक कधी येणार?"

हे ताईंच्या लक्षात आधीच कसं आलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. त्यांना वाटलं होतं, आई आपल्या हातांवरून ओळखेल, नाहीतर वासावरून. शिवाय आपण चांगलं दिसतोय या आनंदात माणूस एवढा विचार करत नाही.

डॉक्टर म्हणाले की आठ-दहा महिन्यांत फिलर आपोआप विरतं, थोडं थांबा.

"तिच्याकडं तेवढे दिस न्हाईत."

डॉक्टर उठून कपाटाकडे गेले. फिलर विरघळवायचंही इंजेक्शन असतं, ते त्यांनी काढलं. आधी हातावर थोडं टोचून तपासलं, मग गालावर दिलं. स्वतःचं इतकं छान जमलेलं काम मोडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दोन दिवसांत खड्डा होता तसा परत आला.

पुढच्या सोमवारी मी दारातच त्यांची वाट बघत होते.

"सापडले तिला," एवढंच म्हणून ताई हात धुवायला गेल्या.

त्या उन्हाळ्यात आई गेली. वर्षभरानं ताईंना परतूरलाच एका दवाखान्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी दबकत विचारलं, आता भरून द्यायचा का? ताईंनी नकारार्थी मान हलवली आणि पिशवी उचलली.

मी जिन्यापर्यंत गेले. ताई म्हणाल्या, जरा हसून दाखव. मला काही जमलं नाही. आता का नको म्हणालात, एवढंच मी विचारलं.

"मलाबी जायचंच हाय की एक दिवस तिच्या मागं," ताई स्कार्फ बांधत म्हणाल्या. "तिथं काय कमी गर्दी आसंल? तिनं मला हुडकायचं कसं?"

मला रडताना हसू आलं. ताईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, या गालावरून त्या गालावर नीट नजर फिरवली.

"तुला अजून धा वर्षं काही लागत न्हाई," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.