बेपत्ता माणूस गेटवर

नाव: ज्ञानेश येशुदास साळवे. वय: छत्तीस. मूळ गाव: श्रीरामपूरजवळ. हल्ली मुक्काम: सरावली, बोईसर. धर्म: ख्रिस्ती. काम: रासायनिक प्लॅन्टमध्ये रिअ‍ॅक्टर ऑपरेटर, कंत्राटी. सद्यस्थिती: स्फोटाच्या वेळी प्लॅन्टमध्ये हजर, सध्या बेपत्ता.

हा कागद कारखान्याच्या गेटवर चिकटवला होता आणि तो वाचणाऱ्यांत ज्ञानेश स्वतः होता.

त्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, आणि उपासना रविवारी. त्याच प्लॅन्टमधल्या, शिरगावच्या शैलेश राऊतची सुट्टी रविवारी. सुट्टी बदलायची तर अर्ज करून महिनाभर वाट पाहावी लागे. त्यापेक्षा कार्ड बदलणं सोपं. सात वर्षं दर रविवारी शैलेश ज्ञानेशचं कार्ड पंच करून त्याच्या जागी काम करी आणि शुक्रवारी ज्ञानेश त्याच्या. शनिवारी कार्ड घेताना शैलेश ठरलेलं बोले, "तुजा देव आठवड्यातून एकदा भेटतो, माजा रोज घरात हाय. जा बाबा तू."

त्या रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या गीताला खिडक्यांच्या काचा हादरल्या. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत काचा हादरल्या की लोक फक्त विचारतात, कुठल्या प्लॉटला? मग मोनालीचा, ज्ञानेशच्या बायकोचा, फोन वाजला. ठेकेदार म्हणाला, "वहिनी, धीर धरा. साळवे आत होते."

मोनाली समोरच्या बाकाकडे बघत राहिली. साळवे तिथं गीतपुस्तक धरून बसले होते.

तिनं ते सांगताच पाळकांनी हात वर केले. "प्रभूनं आपल्या भावाला राखलं." मंडळी म्हणाली, "आमेन."

ज्ञानेशला आमेन म्हणता येईना. "पाळकसाहेब, शैलेश आत आहे," तो म्हणाला. "त्याला कुणी राखायचं?"

पाळकांनी स्कूटर काढली. ज्ञानेश मागे बसला.

गेटवर सुरक्षा अधिकारी यादी तपासत होते. ज्ञानेशनं सांगितलं, "साहेब, मी साळवे. कार्ड माझं, आत गेला तो शैलेश राऊत."

"तुम्ही बेपत्ता आहात. बाजूला थांबा."

"शोधणाऱ्यांना त्याचं नाव तरी सांगा. हाक मारायला."

"कार्ड दुसऱ्याला दिलंत, हे लिहून द्याल? नोकरी जाईल."

ज्ञानेशनं तिथंच जीपच्या बॉनेटवर लिहून दिलं. तेवढ्यात शैलेशच्या बायकोचा, रूपलचा, फोन आला. "भावजी, यांचा फोन लागत नाय. तुमच्यासंगं हायेत ना?"

त्यानं खरं ते सांगितलं. पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका वाजला. मग ती म्हणाली, "मी येतेय. तवर तुमच्या देवाला सांगा."

लहानपणापासून पाठ असलेली स्तोत्रं त्याला आठवेनात. तो कुंपणाच्या जाळीला धरून डोळे मिटून उभा राहिला आणि देवाला एकच शब्द सांगत राहिला: शैलेश. धुरानं खोकला आला की थांबे, पुन्हा सुरू करी. पाळकही शेजारी उभे राहून तेच नाव घेऊ लागले.

चार वाजता कागद बदलला. ज्ञानेश साळवे: सुखरूप. शैलेश राऊत: नोंदीनुसार साप्ताहिक सुट्टीवर, पडताळणी सुरू.

साडेचारला शैलेशला बाहेर काढलं. तो मेलेला होता.