शेवटचा आकडा

कुठलीही चालू वस्तू दिसली की बाई ती आधी बंद करून पाहत. नवा पंखा असो, नाहीतर कुणी अभिमानाने दाखवायला आणलेला प्रोग्राम. "चालताना सगळेच शहाणे दिसतात," त्या म्हणत, "बंद पडताना कसं वागतं ते दाखव." पूर्वी तंत्रनिकेतनात शिकवलेलं असल्याने गंगापूर रोडवरच्या आमच्या लहानशा ऑफिसात त्या सर्वांच्याच बाई होत्या. त्या जवळ येण्याआधी त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास येई.

वणीजवळच्या एका द्राक्ष-पॅकहाउससाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. एक प्रोग्राम काट्यावरून वजन घेणारा, दुसरा ते पडद्यावर दाखवून शेतकऱ्याची पावती छापणारा. दोघे एकाच संगणकावर. पण त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, ते ठरायचं होतं. मी शेअर्ड मेमरी सुचवली. दोघांसाठी एकच जागा. एकाने तिथे लिहावं, दुसऱ्याने तिथूनच वाचावं. वेगाला तोड नाही. बाईंना सॉकेट हवं होतं, म्हणजे फोन जोडून ठेवावा तशी दोघांमधली जोडणी.

"एकाच ताटात जेवायचं म्हणतेस, कवयित्री? जेव." माझ्या कवितांवरून त्या मला अशीच हाक मारत. मी तसं जोडून दाखवलं, तेव्हा त्यांनी वजन घेणारा प्रोग्राम बंद केला आणि चाचणीसाठी काट्यावर ठेवलेला क्रेट उचलला. माझ्या पडद्यावर वजन तसंच राहिलं: हिरवं, स्थिर, खात्रीचं.

"लिहिणारा गेला, वाचणारीला पत्ता नाही. पुढच्या शेतकऱ्याच्या पावतीवर हाच आकडा पडणार."

"शेवटचं कधी लिहिलं, त्याची खूण ठेवते ना."

"ठेवशील. आणि ती बघायला विसरणार कोण?"

"मीच," मी म्हटलं. त्या हसल्या. सॉकेट ठरलं.

जोडणी तुटली की पडदा राखाडी होई आणि त्यावर बाईंनी लिहिलेली ओळ उमटे: 'समोरून उत्तर नाही. हा आकडा खरा धरू नका.' मी थोडे मऊ शब्द सुचवले, तेव्हा म्हणाल्या, "गेलं ते गेलं, हे आधी कळावं. हळहळ नंतर करता येते."

उन्हाळ्यात त्या रजेवर गेल्या. "जरा तपासण्या आहेत," एवढंच सांगून. माझ्या शंकांना घरून उत्तरं येत राहिली, नेहमीसारखी तुटक. मग एका दुपारी त्यांच्या यजमानांचा फोन आला, बाई गेल्याचा. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेली ओळ पूर्ण केली. एसी घुमत होता. चहावर साय धरत गेली. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

परवा पॅकहाउसमधून ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, स्क्रीन राखाडी झाली. आकडा खरा धरू नका म्हनतंय."

"वजनाचा प्रोग्राम बंद पडलाय. परत चालू करा."

"करतो. पावत्या थांबवल्यात तोवर. लोकं लय ओरडून राहिले, पन थांबवल्यात."

"चांगलं केलंत."

"हे सारखं कामून बंद पडतं हो?"

"बाईंना विचारून सांगते," मी म्हटलं.

तो "बरं" म्हणाला. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा जांभळा स्वेटर होता, एसीसाठी ठेवलेला, एक बाही आत दुमडलेली. माझ्याकडे काहीही राखाडी झालेलं नव्हतं.